खऱ्या कानांची टोपी

नोमिन नदीच्या वरच्या अंगाला पाच राहुट्यांचा एक तांडा होता. त्यात झाकुमेच्या हाताची बरोबरी करणारं कोणी नव्हतं, आणि तिच्या जिभेचीही. पहिल्या गोष्टीसाठी बायका तिच्याकडे येत आणि दुसरीमुळे लवकर परत जात. कातडं कमवावं तर झाकुमेनं, असं सगळे तिच्या तोंडावर म्हणत. पाठीमागे काय म्हणत तेही तिला ठाऊक होतं, कारण राहुटीची भिंत भूर्जाच्या सालीची असते आणि तिचे कान चांगले होते.

त्या शरदात ती होणाऱ्या जावयाचे कपडे शिवत होती. अंगरखा, विजार, बूट आणि टोपी, असा अख्खा जोड मुलीच्या आईनं स्वतःच्या हातानं करून द्यायचा असतो. जावई आवडतो की नाही, हे त्यात कोणी विचारत नाही. विचारलं असतं तर झाकुमेनं सांगितलं असतं, आणि ते सांगणं जोड शिवून होईपर्यंत पुरलं असतं.

जावयाचं नाव चोलबोन. तिच्या नवऱ्याच्या थोरल्या बहिणीचा मुलगा. मामाच्या मुलीवर भाच्याचा पहिला हक्क, ही रीत कोणी घातली हे आता कोणाला आठवत नाही. झाकुमेच्या मते ती एखाद्या नणंदेनं घातली असणार. नवरा मोलाबू हा मुळात न बोलणारा माणूस. बहिणीनं दारूचं बुधलं पुढे ठेवलं, मुलगी मागितली, तो नेहमीप्रमाणे काही बोलला नाही, आणि सगळ्यांनी तो होकार धरला. संसारात त्याच्या गप्प बसण्यानं झाकुमेचं पुष्कळ नुकसान झालं होतं, पण एवढं मोठं कधी झालं नव्हतं.

"तुम्ही नाही म्हणायचं होतंत," ती त्याला म्हणाली.

"मी हो कुठं म्हणालो," मोलाबू म्हणाला, आणि ते खरंच होतं.

चोलबोन दिसायला वाईट नव्हता. हे त्याला फार लवकर कळलं होतं, हीच अडचण. नदीच्या खालच्या अंगाला व्यापाऱ्यांचं गाव आहे, तिथं तो दोन हिवाळे वाटाड्या म्हणून राहून आला. येताना त्यानं मीठ आणलं नाही, काडतुसं आणली नाहीत. एक आरसा आणला. तळहाताएवढा, पितळी काठाचा. शिकारीला निघाला की तो आधी आरशात बघे आणि मग वारा कुठून येतोय ते बघे. तोवर भेकरं त्याला बघून घेत. एका भेकराच्या तो तीन गोष्टी सांगे: एक ते दिसलं त्याची, एक नेम धरला त्याची, आणि एक ते का निसटलं त्याची. तिसरी सगळ्यांत लांब असे.

भेकर हे तसं देखणं आणि बिनडोक जनावर. गोळी सुटली की पळतं, आणि थोडं पळालं की थांबतं आणि परत येतं, मघाचा आवाज कसला होता ते बघायला. डोंगरातल्या निम्म्या चुली त्याच्या या एका खोडीवर पेटतात. चोलबोन राहुटीच्या दारात उभा राहून मान वळवी तेव्हा झाकुमेला आपल्या नणंदेची दया येई. बिचारीनं काय जन्माला घातलं हे तिला कोणी सांगितलंच नव्हतं.

अंगरखा झाला होता. हिवाळी कातड्यांचा, दाट केसांचा, घोड्यावर बसायला पुढून-मागून चिरलेला. ही कातडी झाकुमेनं उन्हाळ्याच्या तोंडाशीच काढून ठेवली होती. आधी ताणून वाळवायची. मग मांसाच्या बाजूनं कुटलेल्या कलेजीचा लगदा फासायचा आणि गुंडाळी करून ठेवायची, ती शेजारणीला वास आला आणि तिनं नाक मुरडलं की उलगडायची. मग मांडीखाली एक टोक दाबून दातेरी खरवडणीनं ओढत बसायचं, चामडीचा पापुद्रा पिठासारखा गळेपर्यंत. मग बोथट खरवडणी. मग नुसते हात; चुरायचं, पिळायचं, पुन्हा चुरायचं. या कामाला कोणाचा तरी राग यावा लागतो. झाकुमेचं म्हणणं होतं की सुखी बाईचं कातडं कधी मऊ होत नाही. तिची कातडी कापसासारखी होत. शेवटी कुजक्या लाकडाच्या धुरावर धरायची, म्हणजे भिजून वाळली तरी फळकुटासारखी कडक होत नाहीत. या जोडाची कातडी तिच्या आजवरच्या कातड्यांत सगळ्यांत मऊ निघाली होती, आणि का ते तिला ठाऊक होतं.

टोपीसाठी भेकराचं मुंडकं सोलून ठेवलं होतं. ती डोळ्यांच्या भोकांमागे काळ्या कातड्याची ठिगळं लावत होती, तेवढ्यात चोलबोन आला. आत येऊन चुलीच्या पलीकडे, पाहुण्याच्या जागी, कोणी न सांगता बसला.

"मामी, टोपीचं एक सांगायचं होतं."

"सांग. न सांगता तू जाणार आहेस थोडाच."

"कान खरेच राहू द्या."

झाकुमेची सुई थांबली. मुंडक्याची टोपी करताना शिंगं ठेवतात, नाक ठेवतात, कान मात्र कापून टाकतात आणि त्या जागी कातड्याचे शिवलेले कान लावतात, काळ्या काठाचे, ताठ, हलत नाहीत असे. झुडपामागे ते दिसले की दुसरा शिकारी बंदूक खाली करतो. पाळण्यातल्या पोराला बाप ओळखता येतो त्याच सुमाराला हेही ओळखता येतं.

"का रे?" ती म्हणाली.

"तिथं गावात सगळे हसले मला. तो लोकरीचा व्यापारी माझी जुनी टोपी हातात घेऊन म्हणतो, शिंगं खरी, नाक खरं आणि कान शिवलेले, ही कसली टोपी. त्याच्या दुकानात एक भेकर उभं करून ठेवलंय, मामी. अस्सल. बघत राहावं असं."

"त्याला कान होते?"

"खरे."

"आणि डोळे?"

"डोळे काचेचे. पण ते कळत नाही."

"आणि आत?"

"आत भुसा असतो, म्हणतात."

"मग तुमचं दोघांचं चांगलं जमलं असेल," झाकुमे म्हणाली.

चोलबोन हसला. आपल्याला टोमणा मारला की आपण हसतो, ही आपली मोठी खुबी आहे, असं त्याला वाटे. टोमणा कुठं होता हे कळणं त्यासाठी गरजेचं नव्हतं.

"अस्सल वस्तूची गोष्टच वेगळी," तो म्हणाला. "भेकरं आपणहून जवळ येतील. आणि माणसांचं म्हणाल तर मला न ओळखणारा इथं आहे कोण?"

झाकुमे त्याला हाकलून देणार होती. तोंडात शब्द तयार होते, आणि चांगले होते. पण त्याच वेळी तिच्या डोक्यात एक विचार आला, आणि तो इतका सोयीचा होता की तिनं ते शब्द गिळले.

माजावरच्या भेकरांची मोठी शिकार सुरू व्हायच्या सकाळी सगळे पुरुष डोंगरदेवाच्या देवदाराखाली जमतात. खोडात देवाचा चेहरा कोरलेला आहे, त्याला दारू शिंपडतात. मग तांड्याचा म्होरक्या आनागूबाबा एकेकाला पुढे बोलावतो, बंदूक बघतो, सुरी बघतो, टोपी बघतो आणि कोणी कुठं बसायचं ते सांगतो. त्यात एखाद्याला तो "तू घरी जा" म्हणाला, तर तो त्या वर्षी शिकारी राहत नाही. त्याला वाटा मिळत नाही, आणि ज्याला वाटा नाही त्याला मुलगी देत नाहीत. मग तो कोणाचा भाचा का असेना.

खऱ्या कानांची टोपी घालून हा आनागूबाबासमोर उभा राहील. बाबा आधी कान बघेल, मग तोंड बघेल. पुढचं सगळं आपोआप होईल, आणि झाकुमेनं काही केलं असं कोणी म्हणणार नाही. तिनं फक्त जावयाचा हट्ट पुरवला असेल.

"ठेवते कान," ती म्हणाली. "तू म्हणशील तसे."

"मामी, मला वाटलं तुम्ही नाही म्हणाल."

"मी कशाला नाही म्हणू. नाही म्हणायची या घरात रीत नाही."

कोपऱ्यात तिची मुलगी अंजिके सांबराच्या पाठीची शीर दगडानं ठेचून तिचे धागे सोडवत होती. चोलबोन गेला तशी ती म्हणाली, "आई, तू त्याच्याशी गोड बोललीस."

"मग?"

"तुझी तब्येत बरी आहे ना?"

"दोरा वळ."

अंजिकेनं मांडीवर दोरा वळला. "तू त्याला मूर्ख समजतेस."

"समजते कशाला. तांडाभर दिसतंय. तुला त्याच्यात काय दिसतं ते सांग."

"तो मला हसवतो."

"त्याला माहीत असतं का ते?"

"नसतं," अंजिके म्हणाली. "म्हणून तर जास्त हसू येतं."

पोरीची जीभ कोणावर गेली आहे हे तिला माहीत होतं, पण ती आपल्यावर चालावी हे तिला पसंत नव्हतं. हसण्यावर हिवाळा निघत नाही, एवढं म्हणून ती टोपीकडे वळली. ही जीभ, हे हात असलेली मुलगी त्या आरशाच्या शेजारी जन्मभर बसणार, या विचारानं तिची झोप उडे. बाकी कोणत्याही गोष्टीनं ती उडत नसे.

टोपी मात्र तिला वाईट करता येईना. खरं तर काय वाटेल तशी करून दिली असती तरी चाललं असतं. कान खरे असले की झालं. पण हातांना हे कोण समजावणार. कानाचं कातडं पातळ, कमावताना फाटतं. म्हणूनही बायका ते कापून टाकतात. झाकुमेनं ते नखांनी, चिमटीनं, थुंकी लावून मऊ केलं. आतल्या कूर्चेच्या जागी भूर्जाची साल इतकी पातळ करून घातली की उजेड आरपार दिसावा. कानांच्या मुळाशी शिरेचा एक-एक धागा असा ओढून बसवला की वारा आला की कान किंचित थरथरावेत. आणि डावा कान तिनं थोडा बाहेरच्या बाजूला वळवला. भेकर चरताना एक कान तसा ठेवतं, मागून कोण येतंय ते ऐकायला. नाकाला अस्वलाची चरबी चोळली. ते ओलं दिसू लागलं.

आदल्या संध्याकाळी तिनं टोपी त्याच्या हातात दिली. चोलबोननं ती घातली, आरसा काढला, आणि कितीतरी वेळ काही बोलला नाही. त्याच्या बाबतीत हे पहिल्यांदाच घडत होतं.

"उद्या देवदाराखाली घाल," झाकुमे म्हणाली. "त्याआधी नको. नव्या टोपीवर पहिली नजर देवाची पडू दे."

"हो मामी."

"नक्की?"

"तुम्ही सांगितलं आणि मी ऐकलं नाही, असं कधी झालंय?"

तसं नेहमीच होई, पण झाकुमे त्या रात्री समाधानानं झोपली, त्यामुळे तिच्या लक्षात आलं नाही.

सकाळी ती उठून चूल फुंकत होती. बाहेर दंव पांढरं पडलं होतं आणि घोडी नाकातून वाफ सोडत होती. मोलाबूची जागा रिकामी होती. त्याची बंदूकही जागेवर नव्हती.

"तुझे बाबा कुठं गेले?" तिनं अंजिकेला विचारलं.

"चाटणावर." नदीच्या वळणावर माती खारट आहे, तिथं भेकरं चाटायला येतात. "म्हणाले, शिकार सुरू व्हायच्या आत एक पाडून चोलबोनला गुपचूप देतो. सगळ्यांसमोर त्याचा हात रिकामा राहायला नको."

मोलाबूच्या डोळ्यांत गेली काही वर्षं धुकं उतरलं होतं. उडत्या पाखरावर तो नेम धरी तेव्हा बाकीचे झाडामागे जात. भाच्यासाठी भल्या पहाटे उठून चोरून शिकार करायची, एवढा बेत त्यानं एकट्यानं केला, आणि बायकोला एक शब्द सांगितला नाही. झाकुमेच्या कपाळावर आठी चढली.

"बरं. आणि तो राजबिंडा?"

"तोही गेलाय. मघाशीच. टोपी घालून. म्हणाला, आधी एकदा बघतो भेकरं फसतात का."

"कुठं?"

अंजिके आईकडे बघत राहिली. तिचं हसू हळूहळू मावळलं. "चाटणावर," ती म्हणाली.

झाकुमे पळाली. हातात फुंकणी तशीच होती. पंचवीस वर्षांत ती कोणासाठी पळाली नव्हती, आणि आता पळत होती ती त्या आरशावाल्यासाठी, हे वाटेतच तिच्या लक्षात आलं आणि तिचा राग वाढला. रागानं तिचे पाय लवकर उचलले. भूर्जांच्या रांगेतून ती खाली उतरली. एक पडलेलं खोड होतं, त्यामागे तिला नवऱ्याची पाठ दिसली. पालथा पडलेला, गाल बंदुकीला लावलेला. त्याच्यापुढे खारट चिखल, आणि चिखलापलीकडे वाळुंजाची झुडपं.

झुडपांवर एक भेकर मान काढून उभं होतं.

झाकुमे जागच्या जागी थबकली. काय जनावर होतं. आखूड काळपट शिंगं, ओलं नाक, आणि डावा कान किंचित बाहेर वळलेला. वाऱ्याची एक झुळूक आली आणि तो कान थरथरला. श्वास रोखून ती बघत राहिली, आणि मग तिला कळलं की आपण काय बघतोय. मग तिनं ओरडायला हवं होतं. पण ओरडण्याच्या आधी तिच्या मनात आलं, की मुळाशी टाकलेला टाकाही दिसत नाही. तिच्या मनात आलं, की या डोंगरात असं काम आजवर कोणी केलेलं नाही. एवढा विचार करायला जो वेळ लागला, तेवढ्यात बंदूक वाजली.

भेकराचं डोकं नाहीसं झालं. झुडपांमधून काहीतरी मोडत, धडपडत लांब गेलं.

मोलाबू उठून बसला. त्याचा चेहरा उजळला होता. "लागली," तो म्हणाला. झाकुमेनं लग्नानंतर त्याचा इतका आनंदी आवाज ऐकला नव्हता.

"अहो, तो चोलबोन आहे."

बंदुकीच्या आवाजानं त्याच्या कानाला दडा बसला होता. त्यानं ओठांवर बोट ठेवलं आणि दुसऱ्या हातानं नवं काडतूस भरलं. "थांब," तो कुजबुजला. "परत येईल बघायला. भेकर परत येतंच."

"अहो, तो भेकर नाही, तुमचा भाचा आहे."

"शू," मोलाबू म्हणाला.

आणि ते परत आलं. वाळुंजावर आधी शिंगं दिसली, मग नाक. डावा कान गेला होता. उजवा कान सावध. मघाचा आवाज कसला होता ते बघायला त्यानं मान उंच केली आणि ती इकडून तिकडे वळवली, हुबेहूब, भुसा भरलेल्यालाही जमलं नसतं इतकी हुबेहूब.

"बघ, सांगितलं नव्हतं," मोलाबू म्हणाला आणि त्यानं नेम धरला.

झाकुमे खोडावरून उडी मारून चिखलात गेली आणि बंदुकीच्या तोंडासमोर दोन्ही हात पसरून उभी राहिली. चिखल घोट्यापर्यंत होता. तिच्या पाठीमागे झुडपात खसखस झाली.

"मामी?" भेकर म्हणालं. "अहो, तुम्ही इथं काय करताय? शिकार बिघडवलीत."

मोलाबूच्या हातातून बंदूक गळून पडली. तो खोडावर बसला आणि लहान मुलासारखा रडू लागला. चोलबोन चिखल तुडवत आला, आणि मामाला काय झालं, कोणी वारलं का, असं विचारू लागला. गोळी टोपीचा डावा कान मुळापासून घेऊन गेली होती. त्याच्या स्वतःच्या डाव्या कानाला पळताना काटा लागला होता आणि एक थेंब रक्त आलं होतं. काय झालं ते झाकुमेनं त्याला सांगितलं. ते त्याला खरं वाटेना. मग त्यानं आरसा काढला, टोपीचा कान गेलेला बघितला, स्वतःच्या कानावरचं रक्त बघितलं, आणि चिखलात बेशुद्ध पडला.

त्याला देवदाराखाली नेलं तेव्हा सगळा तांडा जमलेला होता. झाकुमेनं ठरवलं होतं तसं सगळं होतं: देव होता, आनागूबाबा होता, टोपी होती. फक्त सगळ्यांची नजर चोलबोनवर नव्हती.

आनागूबाबानं टोपी हातात घेतली. उलटसुलट केली. उरलेला कान दोन बोटांत धरून ओढून बघितला, उजेडासमोर धरला, नाकाला लावला.

"काम चांगलं आहे," तो म्हणाला. "मोलाबूला दोष देता येणार नाही. मीही झाडली असती. आणि माझी लागली असती." मग तो झाकुमेकडे वळला. "कान का ठेवलेस?"

"त्याला हवे होते."

"त्याला हवे होते, मान्य. त्याला चंद्रही हवा असेल. तुला काय हवं होतं?"

झाकुमेकडे उत्तर होतं, पण ते सगळ्यांसमोर देण्यासारखं नव्हतं. ती गप्प बसली. आणि तिच्या लक्षात आलं की तिच्या नवऱ्याचं गप्प बसणं या लोकांनी होकार धरलं होतं, तसंच ते आता तिचंही धरत होते. बायका एकमेकींकडे बघू लागल्या. कितीतरी वर्षांत त्यांना इतकी चांगली सकाळ मिळाली नव्हती.

"बाबा, याला घरी पाठवा," झाकुमे शेवटी म्हणाली. "असली टोपी मागणारा शिकारी असतो का? मूर्ख आहे हा."

"आहे," आनागूबाबा म्हणाला. "पण मूर्ख म्हणून घरी पाठवायचं तर आज तिघांना पाठवावं लागेल. ज्यानं टोपी घातली तो, ज्यानं गोळी झाडली तो, आणि जिनं शिवली ती. मग शिकारीला माणसं कुठून आणू?" त्यानं टोपी चोलबोनच्या मांडीवर टाकली. "नात्यातल्याचं रक्त ज्याच्या हातून सांडलं, त्यानं जखम भरेपर्यंत त्याला आपल्या राहुटीत ठेवून पोसायचं. रीत आहे. आणि मामानं ज्याच्यावर बंदूक झाडली, त्याला मामाची मुलगी आता कोणत्या तोंडानं नाकारणार? लग्न वसंतात करा. हिवाळा त्याला नीट खायला घाला."

चोलबोननं डोळे किलकिले केले. "मामी," तो क्षीण आवाजात म्हणाला, "मी तुमच्यावर रागावलेलो नाही."

त्याची जखम त्याच संध्याकाळी बुजली. कानावरची पट्टी मात्र बर्फ पडला तरी सुटली नाही. तो झाकुमेच्या राहुटीत पाहुण्याच्या जागी लवंडून असे, आतला मगज खायला फोडलेली हाडं त्याला आधी मिळत, आणि येईल त्याला तो ती गोष्ट सांगे. आता ती एकच गोष्ट होती, पण तिन्हींपेक्षा लांब. तिच्यात गोळ्या दोन झाल्या, मग चार झाल्या. मोलाबू शेजारी बसून मान डोलावी. भाच्याच्या गोष्टीत आपला नेम इतका चांगला आहे हे त्याला आवडू लागलं होतं.

एक दिवस दोघं घोडे बघायला बाहेर गेले असताना अंजिकेनं टोपी आईसमोर आणून ठेवली, वर काळं रंगवलेल्या कातड्याचा तुकडा.

"कान लाव."

"आता कशाला? अस्सल हवं होतं ना त्याला."

"त्याला ते हवं होतं. मला तो हवाय."

झाकुमेनं कातड्याचा तुकडा बोटांत चुरून बघितला.

"मला माहीत आहे तू काय करणार होतीस," अंजिके म्हणाली. "तू त्याला भेकराच्या अकलेचा म्हणतेस. पण तुझ्याच टोपीला तू फसलीस, आई. बाबांनी सांगितलं मला. तुझी पावलं मागे येऊन थांबली, आणि गोळी सुटेपर्यंत तू ओरडली नाहीस."

"बाबा बोलायला कधीपासून लागले?"

"त्या दिवसापासून."

झाकुमेनं उरलेला खरा कान मुळाशी सुरी घालून कापला. तो तिच्या तळहातावर पानासारखा पडला. क्षणभर तिनं तो बघितला आणि चुलीत टाकला. केस जळल्याचा वास सुटला. मग तिनं कातडं बेतलं. कान थोडे वाकडे शिवावेत, निदान एक तरी, असं तिच्या मनात आलं होतं. पण सुई चालायला लागली आणि ते तिच्या हातून झालं नाही. काळ्या काठाचे, ताठ, बारीक टाक्यांचे दोन कान झाले. नदीच्या पलीकडून, डोळ्यांत धुकं असलेल्या माणसालाही ओळखू यावेत असे.

चोलबोन आत आला तेव्हा ती शेवटचा टाका घालत होती. त्यानं टोपी घेतली, डोक्यावर ठेवली, आरसा काढला आणि डोकं डावीकडे-उजवीकडे वळवून बघितलं.

"मामी, राग मानू नका. पण हे जरा खोटेच वाटतात."

झाकुमेनं दातांनी दोरा तोडला.

"लांबून कळावं म्हणून ते कान," ती म्हणाली. "जवळून काही लागत नाही. जवळून तू बोलतोस."

चोलबोन हसला, आणि पुन्हा आरशात बघितलं. कोपऱ्यात अंजिके गुडघ्यांत तोंड घालून हसत होती, खांदे गदगदत होते, कोणावर ते सांगता येत नव्हतं. झाकुमेनं तिच्याकडे पाठ केली आणि सुईत नवा दोरा ओवला. बूट अजून राहिले होते.